अक्काला दिसेल असं चित्र

वैद्यकीय पुस्तकांसाठी माणसाचं शरीर काढायचं, एवढं एकच काम त्याने आयुष्यभर केलं. तेही ठिपक्यांनी. बारीक टाक, काळी शाई. सावली असेल तिथे ठिपके दाट, उजेड असेल तिथे विरळ. रेघ ओढली की शरीराला कड येते आणि खऱ्या शरीराला कड नसतेच, असं त्याचं ठाम मत. छापखान्यातले लोक पाठीमागे त्याला ठिपकेबुवा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

अक्का ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्याला लहानाचं मोठं तिनेच केलं. आता तिची नजर अधू होत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. एकदा जेवताना ती म्हणाली, "दुनियेची आतडी काढलीस. माझं एक चित्र काढ ना, मला दिसतंय तोवर."

त्याच्या तोंडातून नुसतं "बरं" निघालं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला खिडकीपाशी उभं केलं. हात सरळ खाली, तळवे समोर.

"असं कोण उभं राहतं रे?"

"सगळेच राहतात."

"तुझ्या पुस्तकातले राहत असतील. त्यांना काय, पाय थोडेच दुखतात."

जित्याची खोड, दुसरं काय. शेवटी ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. पुढचे कित्येक दिवस तो डोळ्यांत तेल घालून ठिपके देत होता. गालाचा मऊपणा, गळ्याच्या सुरकुत्या, सगळं जमून आलं. असं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

अक्काने कागद जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे नेला. मग म्हणाली, "धुकं छान काढलंयस. पण मी कुठे आहे?"

तिला ठिपके दिसत नव्हते. एवढी साधी गोष्ट ह्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती.

मग त्याने चित्रकारांचा जाड कोळसा आणला. आजवर ह्या कोळशाला त्याने नावंच ठेवली होती. दारावर मोठा कागद चिकटवला, आणि हात सवयीने टकटक ठिपके द्यायला लागला. कोळसा मोडला. मग आडव्या-उभ्या रेघांची जाळी करून पाहिली. अक्का म्हणाली, "हे काय, मासे धरायचं जाळं?"

अखेर त्याने मनगट ताठ ठेवलं आणि खांद्यापासून हात फिरवून एकच जाड रेघ ओढली. ठिपक्यांचं काम करताना एकदा बघितलं की तासभर मान वर करावी लागत नसे. शरीर कसं असतं ते त्याला पाठच होतं. ही रेघ मात्र थांबू देत नव्हती. कागदाकडे कमी आणि अक्काकडे जास्त बघावं लागत होतं. कागदामागून कागद गेले. मग एक रेघ डोक्यावरून मानेवर, मानेवरून खांद्यावर उतरली आणि त्याने ती पुसली नाही; नाक-डोळेही तशाच जाड रेघांनी काढले.

अक्का दारासमोर उभी राहिली. मान तिरकी करून कागदाच्या अगदी जवळ गेली. तो घाबरला होता.

"दिसतंय," ती म्हणाली. "नाक माझंच आहे. पण हा खांदा एवढा वाकडा का काढलास?"

"वाकडाच आहे."

"पहिल्या चित्रातही होता?"

"नाही. तिथे पुस्तकातला काढला होता. सरळ."

तिने हाताने आपला खांदा चाचपला. "मला कसं कधी कळलं नाही? कशाने झाला असेल?"

"मला कडेवर घेऊन घेऊन."

अक्काने कागदावरच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"होतासच तू जड," ती म्हणाली.