बंदुकीची दरख्वास्त

माझे वडील बार्शीजवळच्या एका खेड्यात शेती करायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. रानडुकरं ज्वारीत शिरायची म्हणून त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती आणि तिचा इंग्रज सरकारचा रीतसर परवाना होता. मी त्यांची एकुलती एक लेक. माळ्यावर बसून दारू ठासताना गज हातात द्यायचं काम माझं असायचं.

माझ्या लग्नानंतर वर्षाच्या आत आबा गेले. शेत चुलत्यांकडे गेलं. बंदूक मात्र मला हवी होती. ती मी चालवणार नव्हते, पण आबांच्या हाताने तिचा दस्ता जिथे गुळगुळीत झाला होता तिथे हात ठेवला की मला बरं वाटायचं. त्याच उन्हाळ्यात ह्यांना नांदेडला कापसाच्या जिनात इंजिनावर काम मिळालं. आम्ही बिऱ्हाड बांधलं. बंदूक मी एका जुन्या धोतरात गुंडाळली, परवान्याचा कागद पेटीत ठेवला आणि निघाले. कागद आहे म्हणजे सगळं ठीक, एवढंच मला ठाऊक होतं.

छोट्या गाडीने लातूरला उतरलो. बार्शीकडचा मुलूख इंग्रजांचा आणि हा निजामाचा, त्यामुळे स्टेशनावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई सामान तपासायचे. एकाने धोतराची गाठ सोडली आणि हात मागे घेतला.

"हे काय हाय?"

"बंदूक. कागद आहे तिचा," मी म्हणाले आणि पेटी उघडली.

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि ठाण्यातून अमीनसाहेबांना बोलावलं. पोलिसाचा अंमलदार म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. अमीनसाहेब वयस्कर होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला.

"बाई, हा परवाना इंग्रजाचा. इकडं तो चालत न्हाई. दुसरी गोष्ट, हा ज्यांच्या नावानं हाय ते कुठं हायेत?"

"वारले."

"मग तो तिकडंबी चालत न्हाई. परवाना माणसाला असतो, बंदुकीला नसतो. माणूस गेला की परवाना गेला. तुम्ही तिथंच ठाण्यात जमा करायला पायजे होती."

म्हणजे गावातून निघाले तेव्हाच मी गुन्हा केला होता. अमीनसाहेबांनी माझी भीती ओळखली असावी. "लपवून आणली असती तर गोष्ट येगळी होती. तुम्ही आपणहून दाखवली, तसं मी लिहितो. बंदूक इथं मालखान्यात ठेवून घेतो. नांदेडला कचेरीत दरख्वास्त करा." त्यांनी एक रसीद लिहून माझ्या हातात दिली. ती उर्दूत होती. मला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही.

नांदेडच्या मोटारीत, कंधार मागे पडल्यावर, हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "जाऊ दे ती बंदूक. नव्या नोकरीत मला कचेरीचं लचांड नको." मी रसीद घडी करून कमरेला खोवली. त्यांचंही खोटं नव्हतं.

नांदेडला आमच्या शेजारी मुलींच्या शाळेतल्या उस्तानी, म्हणजे शिक्षिका, राहायच्या. विधवा, एकट्या, बोलायला मऊ पण शिस्तीच्या. आठवड्याभराने धीर करून मी रसीद त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. सहा महिन्यांत दरख्वास्त आली नाही तर बंदूक सरकारजमा होईल, असं शेवटी लिहिलं होतं.

"मग तुम्हीच लिहून द्या ना एक दरख्वास्त," मी म्हणाले.

"देईन. पण बेटी, त्याच्यावर जबाब येईल, तो कोण वाचणार? मग दुसरा कागद येईल. सहा महिने हायेत तुझ्याजवळ. तू शीक ना."

मराठी चौथी झालेली बाई मी. उजवीकडून डावीकडे लिहायचं म्हणजे पहिले काही दिवस हात उलटाच पळायचा. उस्तानी शाळेतून आल्या की मी पाटी घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायची. एक अक्षर चुकलं की शब्द बदलायचा आणि त्या हसू दाबून म्हणायच्या, "बंदूक मागतेस की संदूक?" ह्यांनी आधी दुर्लक्ष केलं. मग श्रावणात एकदा जिनातली एक नोटीस घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून उभे राहिले. मी अडखळत वाचली. कामाच्या वेळा बदलल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाटीसाठी पेन्सिली तेच आणू लागले.

भादव्यात आम्ही दोघं तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे इकडच्या कलेक्टरच्या, कचेरीत गेलो. पेशकारांनी, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनांनी, माझी दरख्वास्त वाचली आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं.

"ही बाईच्या नावानं हाय."

"बंदूक तिच्या वडिलांची आहे," हे म्हणाले.

"बाईला मनाई आहे का?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पेशकारांनी कायद्याचं पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली आणि आत जाऊन साहेबांना विचारून आले.

"मनाई न्हाई. पण बंदूक कशाला पायजे ते सांगावं लागतं. शेत हाय का तुमचं इकडं?"

"नाही."

"मग शहरात परवाना मिळणं मुश्कील. वडिलांची आठवण हे कारण कायद्यात न्हाई बसत." पेशकार कठोरपणे बोलले नाहीत. मग त्यांनी उरलेल्या वाटा सांगितल्या. परवानगी काढून बंदूक परत इंग्रजी हद्दीत न्यावी आणि तिथल्या परवानेवाल्याला द्यावी. नाहीतर सरकारला द्यावी. नाहीतर इथल्याच एखाद्या परवानेवाल्याच्या नावाने लिहून द्यावी.

कचेरीच्या ओट्यावर हदगावकडचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याच्या बंदुकीची नळी फुटली होती. परवाना होता, बंदूक नव्हती, आणि दुसरी घ्यायची परवानगी काढायला तो आला होता. पेशकारांनीच त्याला हाक मारली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"डुकरं लई माजलीत बाई. पण तुमच्या जिवावर येत असंल तर मी मागत न्हाई."

मी विचार करायला वेळ मागितला. ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. बंदूक मिळालीच असती तरी घरात पेटीमागे धोतरात गुंडाळून पडून राहिली असती हे मला दिसत होतं, आणि आबा तिला दर पंधरवड्याला तेल लावायचे तेही आठवत होतं. मी परत आले आणि म्हणाले, "तेल लावत जा. घोडा जरा घट्ट आहे तिचा."

तिथेच बसून मी बंदूक त्याच्या नावाने करून देण्याचा दुसरा कागद लिहिला. पेशकारांनी दोन नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, दुरुस्त केले आणि शिक्का मारला.

नवरात्रात आम्ही दोघं आणि तो शेतकरी लातूरला गेलो. अमीनसाहेबांनी कागद वाचला. "कोण्या मुन्शीनं लिहिलं हे? अक्षर लहान मुलासारखं हाय."

"मी लिहिलं."

त्यांनी पुन्हा एकदा कागद वाचला, या वेळी सावकाश. मग मालखाना उघडायला सांगितला. बंदूक माझ्या हातातून शेतकऱ्याच्या हातात गेली. त्याने दस्त्यावर हात ठेवला तो नेमका आबा ठेवायचे तिथेच. सगळ्यांचाच हात तिथे जात असेल. बाहेर आल्यावर ह्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "मी सोडून दिलं असतं. तू सोडलं नाहीस ते बरं झालं."

पौषात तो शेतकरी हुरड्याची कणसं घेऊन आमच्या दारात आला. यंदा ज्वारी राखली म्हणाला. त्याच्यासोबत त्याची सून होती. तिने पदराआडून एक कागद काढला. तिच्या माहेरच्या जमिनीची उर्दूतली नोटीस होती, आणि गावात विश्वासाने ती दाखवावी असं कोणी नव्हतं.

मी तिला आत बसवलं आणि वाचायला घेतली. मधल्या एका शब्दावर अडले. मग दोघी मिळून उस्तानींच्या ओसरीवर गेलो.