सुनंदाचे शनिवार

अमरावतीच्या दवाखान्यात सुनंदाची आणि माझी शेवटची भेट झाली, तेव्हा तिने आजाराबद्दल एक शब्दही काढला नाही. “या शनिवारी लेकरं नेली का वं?” एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. भीती वाटते, म्हटलं. ती छताकडे पाहत म्हणाली, “लागन भेव. तरी नेजो.” आठवडाभरात ती गेली.

सुनंदा तायडे मूळची अंजनगाव सुर्जीची. अकोल्यात आमच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती मुलांना जठारपेठेतून मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात चित्रं काढायला नेई. मुख्याध्यापकांनी आधी नाहीच म्हटलं होतं. “सर, वर्गात बसवलं का सारे पोट्टे डोंगर काढतात, अन् मधात सूर्य. अकोल्यात डोंगर कुठी हाय? मले तं अजून दिसला नाही,” असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. त्यांना हसू आलं. दुसरी शिक्षिका सोबत असेल तर जा, म्हणाले. ती दुसरी शिक्षिका मी. मी रांगेच्या शेवटी चालायचे आणि मला सगळ्याचीच भीती वाटायची... मागे येणारा ट्रक, मोकाट कुत्री, नदीचा उतार. सुनंदा पुढे, खांद्याला झोळी, बेफिकीर. मुलं भंगारवाल्याकडच्या कूलरच्या जाळ्या काढत, भाजीवालीच्या टोपलीतली वांगी काढत, कवेलूंच्या छपरावर वाळणाऱ्या मिरच्या काढत.

एका शनिवारी परत निघताना डोकी मोजली, तर एक कमी. सातवीतली अर्पिता. हाक मारली तरी ओ द्यायला वेळ लावणारी, अबोल मुलगी. सुनंदा तिच्या नावाने ओरडत नदीकाठाने धावली. मी उरलेल्यांना भिंतीशी बसवून नदीकडे पाहत राहिले. जलकुंभीचा हिरवा थर काठापासून काठापर्यंत पसरलेला, खालचं पाणी दिसतच नव्हतं. कुठे पान हललं की मी तिकडे दोन पावलं धावे. तिच्या आईला काय सांगायचं, ती वाक्यं मनात जुळत होती आणि ती जुळताहेत याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती...

अर्पिता गल्लीतल्या गादीवाल्याच्या दुकानात सापडली. “मॅडम, पोट्टी इथंच बसून हाय. मले वाटलं तुमीच बसवली,” तो बिचारा गोंधळून म्हणाला. आत पिंजलेला कापूस उडत होता आणि ती तो काढत होती. म्हणजे मागचा अंधार पेन्सिलीने गडद करत होती आणि कापसाच्या जागी कागद कोरा सोडत होती. मी रागवायला तोंड उघडलं, तर सुनंदाने माझा हात दाबला.

“हे कोनं शिकवलं वं तुले?”

“कोनीच नाही. असंच दिसून राहिलं.”

“पूर्ण कर मंग. आमी थांबतो.” आणि ती गाद्यांच्या थप्पीवर बसली. मला तिचा रागच आला. या बाईला भीती कशी वाटत नाही?

सुनंदा गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. तुम्ही नेणार असाल तर शनिवार चालू ठेवू, नाहीतर बंद. मी उत्तर टाळत राहिले. एक शनिवार गेला, आणखी एक गेला. वर्गात मुलं पुन्हा डोंगर काढायला लागली.

शेवटी मागच्या शनिवारी निघाले. शेवटाला खेळाचे सर, पुढे मी. पुढे चालण्याची पहिलीच वेळ. मोर्णेच्या पुलाशी आलो आणि माझे पाय उचलेनात. खाली तोच हिरवा थर. मागे अर्पिता होती, आता नववीत गेलेली.

“थांबा मॅडम थोडं,” ती हळूच म्हणाली. “तायडे मॅडमबी इथं थांबत होत्या. चपलेचा पट्टा लावाले.”

“दर वेळी?”

“हो. पट्टा तं चांगलाच राहे... हात कापत त्यांचे. आमी चूप उभे राहो.”

शेवटी चालणाऱ्या मला हे कधीच दिसलं नव्हतं.

मी खाली वाकले, पट्ट्याला हात लावला. रांगेत कोणी काही बोललं नाही.