बिनपासवर्डचं ऑफिस आणि सासूबाईंचा नवस

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? तोंडाचाच तर सगळा घोळ झाला!

पण सांगतो. कारण ज्या सकाळी अख्ख्या ऑफिससमोर माझी शोभा झाली, त्याच सकाळी मी आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना मारला. तेव्हा हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

मी मूळचा सांगलीचा, बायको कुंभकोणमची. तिचं माहेर तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातलं. सासूबाई घरात मराठी बोलतात, पण इतकं जुनं की मी आपोआप ताठ बसतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अस्सल तमिळ. इथे सासूला म्हणतात मामियार. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाचियार्कोविलच्या पितळी समया परदेशी धाडणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या ऑफिसात पासवर्डची काय दशा होती म्हणता? निम्म्यांचा पासवर्ड मुरुगन, म्हणजे इथला लाडका देव कार्तिकेय, उरलेल्यांचा मुरुगन आणि पुढे एक-दोन-तीन! तोही चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला. वर त्या चिठ्ठीला कुंकू लावलेलं!

मग व्हायचं तेच झालं. कोणीतरी खोट्या मेलला भुलून पासवर्ड देऊन टाकला, आणि आमच्या नावानं हॉलंडच्या गिऱ्हाईकाला भलतेच मेल गेले. तिकडच्या बाई भडकल्या. म्हणाल्या, येत्या सोमवारी मी स्वतः येऊन बघते. व्यवस्था पटली तर वर्षभराची ऑर्डर, नाही तर राम राम.

आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालकांना इथे मुदलाळी म्हणतात.

"ऑर्डर गेली तर पितळ ओतणारे हातावर हात धरून बसतील," मुदलाळी म्हणाले. "आणि तुम्ही सांगलीची गाडी धराल."

मी छाती पुढे काढली. "सर, पासवर्डच नको! लॅपटॉप चेहरा बघेल आणि उघडेल. चोरायला काही उरणारच नाही!"

आमच्या हिशेब बघणाऱ्या सेल्वी अक्का मागे उभ्या होत्या. "आणि त्यानं ओळखलं नाही तर?" त्यांनी विचारलं. (सगळं तमिळमध्ये हं, तुमच्यासाठी मराठी करतोय.)

"का नाही ओळखणार? चेहरा काय बदलतो का, अक्का?"

हे वाक्य मी बोललो. मीच! अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

तरी अक्कांसाठी एक पळवाट ठेवली. मशीननं नाही ओळखलं तर अक्कांकडे जायचं. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो पडताळायचा. फोटो जुळला नाही, तर गुप्त प्रश्न विचारायचा. उत्तर प्रत्येकानं आधीच त्यांच्या कानात सांगून ठेवायचं. ते बरोबर आलं तरच तात्पुरता कोड. नियम सगळ्यांना सारखा, अगदी मलासुद्धा! नियम मी लिहिला, टाळ्याही मीच घेतल्या.

शुक्रवारपर्यंत सगळ्यांचे चेहरे मशीनमध्ये! कपाळावर भस्माची पट्टी ओढलेले, नाम ओढलेले, दाढीवाले, चष्मेवाले, सगळ्यांना मशीननं पटापट ओळखलं. चिठ्ठ्या फाडून केराच्या टोपलीत टाकल्या. मी घरी आलो तो असा, की जणू गडच जिंकून आलोय.

सासूबाईंनी आनंदानं हात जोडले. "मुरुगन पावला गं बाई! आता सोमवारी कृत्तिका आहे, त्याचाच दिवस. पहाटे स्वामीमलैला जाऊन मोट्टै देऊन यायचं."

मोट्टै म्हणजे मुंडण. म्हटलं, "कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? तुमचं."

"पण मी कधी नवस बोललो?"

"तुम्ही कशाला बोलायचं? मी बोलले. जावयाचं काम तडीस जाऊ दे, केस वाहीन म्हणून."

म्हणजे काम माझं, नवस यांचा आणि केस पुन्हा माझेच! बायकोकडे बघितलं. ती अचानक भाजी निवडण्यात गढून गेली.

सोमवारी पहाटे मी देवळापाशी न्हाव्यापुढे बसलो. केस गेले. वस्तरा खाली सरकला तसा मी ओरडलो, "मिशी नको!" अहो, माझी मिशी म्हणजे काय होती म्हणून सांगू! दोन्ही टोकांना पीळ, लग्नात पाव्हणे वळून बघायचे.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "देवाशी घासाघीस करायची का?"

गेली मिशी. वर डोक्याला थंडगार चंदन फासलं, कपाळाला विभूती. आरशात बघितलं तर एक सोललेला नारळ माझ्याकडे बघत होता.

तिथून थेट ऑफिस. दारातच शिपायापासून मुदलाळींपर्यंत प्रत्येकाला मामियारच्या नवसाची हकीकत सांगावी लागली. हॉलंडच्या बाई आधीच हजर. मुदलाळी म्हणाले, "सगळ्या किल्ल्या ह्यांच्याकडे असतात. यांचंच दाखवतो!"

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. त्यानं बघितलं. मीही बघितलं. त्यानं पुन्हा बघितलं, आणि कळवलं की ओळख पटली नाही.

चष्मा काढला. नाही. चंदन पुसलं. नाही. दिव्याखाली गेलो, हसून बघितलं, डोळे वटारले. छे! मुदलाळींचा चेहरा उतरला. मला तर सांगलीची गाडी शिट्टी मारताना ऐकू यायला लागली.

"अक्का, कोड द्या लवकर," मी पुटपुटलो.

"ओळखपत्र?"

दिलं. अक्कांनी फोटोतल्या मिशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जुळत नाही."

"अहो अक्का, रोज शेजारी बसता माझ्या!"

"मी ओळखते हो. पण नियम तुमचाच आहे. गुप्त प्रश्न विचारते." त्यांनी घसा साफ केला. "प्राण गेला तरी कोणती गोष्ट सोडणार नाही?"

उत्तर मला पाठ होतं हो! मीच त्यांच्या कानात मिशीला पीळ देत सांगितलं होतं!

"कानात सांगू?"

"पाहुण्यांना पडताळणी दिसायला हवी ना? मोठ्यानं."

मी हात वरच्या ओठावर ठेवला. तिथे काहीच नव्हतं. डोळे मिटले आणि म्हटलं, "माझी मिशी."

मग जे हसू फुटलं म्हणता! शिपायाच्या हातातली कॉफी सांडली. बाईंना काही कळेना, तर मुदलाळींनी इंग्रजीत समजावलं. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मग त्या उठल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ज्या माणसानं ही व्यवस्था उभी केली, त्यालाच ती आत सोडत नाही. आणखी काय बघायचं? ऑर्डर तुमची!"

ऐकलंत? ऑर्डर आमची! मुदलाळींनी मला मिठी मारली, त्यांच्या शर्टाला उरलंसुरलं चंदन लागलं. बाहेर पितळ ओतणाऱ्यांना निरोप गेला तसा तिकडून असा आरडाओरडा उठला की माझे डोळे भरून आले. खरंच सांगतो, त्या सकाळी मला माझ्या टकलाचासुद्धा अभिमान वाटला.

कोड मिळाला, नव्या चेहऱ्याची नोंद झाली. अक्का म्हणाल्या, "जुनं उत्तर आता सगळ्यांना कळलं. नवा प्रश्न द्या."

मी खूप विचार केला. माझ्याशिवाय कोणालाच उत्तर येणार नाही असा प्रश्न हवा होता. म्हटलं, "लिहा. मी प्राण गेला तरी कोणाला नाही म्हणू शकत नाही?"

उत्तर सांगायला अक्कांच्या कानाकडे वाकलो, तेवढ्यात शिपायापासून मुदलाळींपर्यंत सगळं ऑफिस एका सुरात ओरडलं,

"मामियार!"