पॅटचं टोकन

आमच्या क्लबात किस्से न धुतलेल्या कपांसारखे साचत गेले. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी आठ-दहा रिटायर्ड गोरे आणि पुण्याचा मी, एकटा आयटीवाला, खेळण्यातल्या आगगाड्या चालवायला जमायचो.

सगळ्यात मोठं टेबल पॅटचं. पॅट आयर्लंडचा, वय अठ्ठ्याहत्तर. वडील तिथल्या एका आडबाजूच्या लाइनवर स्टेशनमास्तर. लाइन बंद पडली, पॅट न्यूझीलंडला आला आणि प्लायवुडवर त्याने ती अख्खी लाइन पुन्हा उभी केली. स्टेशनं, पूल, गायीसुद्धा!

*

भिंतीवर खिळ्याला एक पितळी टोकन असायचं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर ते ड्रायव्हरला देतो आणि ड्रायव्हर पुढच्या मास्तरच्या हातात ठेवतो. पॅटने ते दिल्याशिवाय आमची खेळण्यातली गाडीही हलायची नाही.

मी म्हटलं, माझे बाबाही स्टेशनमास्तर होते, ते याला गोळा म्हणायचे. तीन महिने नुसती मान हलवणाऱ्या पॅटने त्या दिवशी मला स्वतः चहा करून दिला. अगदी वाईट चहा होता.

*

एका फाटकापाशी गाडी दोन मिनिटं उगाच थांबायची. एका नव्या मेंबरने घाईने बटण दाबायला हात नेला, तो पॅटने धरला. खऱ्या लाइनवर त्या फाटकापाशी राहणारी एक बाई बाजाराला अंडी न्यायची आणि डझन भरेपर्यंत गाडी थांबायची म्हणे.

"अकराच झालीत," पॅट म्हणाला. "कोंबडी बसली आहे."

आम्ही सगळे त्या प्लास्टिकच्या फाटकाकडे बघत बसलो.

*

लाइन बंद झाल्याचा किस्सा त्याने एकदाच सांगितला. शेवटच्या गाडीला वडिलांनी टोकन दिलं. गाडी पलीकडे पोचली, तर तिथल्या मास्तरला सकाळीच कामावरून काढलेलं. टोकन घ्यायला कोणीच नाही. ड्रायव्हर ते घरी घेऊन गेला. खूप वर्षांनी त्याच्या बायकोने ते पॅटला पोस्टाने पाठवलं.

वडील मात्र मरेपर्यंत विचारत राहिले, गाडी पोचली का?

*

पॅट हॉस्पिटलात गेला त्या शनिवारी एकही गाडी हलली नाही. टोकन खिळ्यावर होतं, देणारा नव्हता.

भेटायला गेलो तर त्याने हळूच विचारलं, "पलीकडे कोणी असेल का?"

मी न ऐकल्यासारखं करून त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याबद्दल मला अजून माझाच राग येतो.

*

अंत्यविधीच्या दिवशी चर्चबाहेर शववाहिनी निघणार, एवढ्यात पॅटची बायको मॉरीन पुढे झाली. तिने ड्रायव्हरच्या हातात टोकन ठेवलं.

"हे तिकडे द्यायचं असतं," ती म्हणाली.

कोणाला, असं त्याने विचारलं.

मी माझ्या गाडीकडे धावलो. आयुष्यात पहिल्यांदा शववाहिनीला ओव्हरटेक केलं.

ती दफनभूमीच्या फाटकाशी आली तेव्हा मी हात पुढे करून उभा होतो. ड्रायव्हरने काच खाली केली आणि टोकन माझ्या हातात ठेवलं.

"गाडी पोचली," मी मराठीतच म्हणालो.