पाहुण्यांपुढे वाकडी पेटी

मी पियानो वाजवून पोट भरते, हे आमच्या हट्टा गावातल्या निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही. उरलेल्या निम्म्यांना पटलंय, पण जॅझ म्हणजे काय ते विचारू नये एवढी माणुसकी ते दाखवतात. एकदा किराणा दुकानवाल्या चाचांनी मात्र विचारलं. मी म्हटलं, चाचा, गाणं ठरलेलं असतं, पण ते कसं न्यायचं ते वाजवता वाजवता ठरतं. चाचा म्हणाले, "मंग आमचं दुकान बी तसंच चालू हाय." एवढी नेमकी व्याख्या मला पुण्यातही कोणी सांगितली नाही.

संगीत माझ्याकडे एका हाताने आलं. बाबा शेती करायचे आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटी मंडळाची, पण वाजवणारे बाबा, म्हणून ती राहायला आमच्या घरी. पेटीचं असं असतं की उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मागे भात्यावर, हवा भरायला. म्हणजे डाव्या हाताला जन्मभर हमाली. मला हे काही पसंत नव्हतं. धाकट्या बहिणीला समोर बसवून मी तिच्याकडून भाता मारून घ्यायचे आणि स्वतः दोन्ही हात पट्ट्यांवर टाकायचे. बदल्यात तिची गणितं सोडवून द्यायचे. तिचं गणित आजही कच्चं आहे आणि त्याचं पाप माझ्या माथी आहे.

वसमतला कॉलेजात असताना मी मोबाइलवर पेटीचे धडे शोधत होते आणि भलताच, जॅझचा व्हिडिओ लागला. एक जाडजूड म्हातारा, डोक्यावर टोपी, पियानोपाशी बसून सरळसाध्या चालीची खुशाल चेष्टा करत होता. यायचं तिथे यायचाच नाही. सगळ्यांना ताटकळत ठेवायचा, उशिरा यायचा, आणि आला की वाटायचं, वेळेवर हाच आलाय, बाकीचे घाई करत होते. कॉलेजातून घरी येणाऱ्या जीपमध्ये मी मोठ्याने हसले. शेजारची बाई सरकून बसली. त्या दिवसापासून मंडळाच्या पेटीचे हाल सुरू झाले.

दोन वर्षं मी त्या पेटीवर म्हाताऱ्याची नक्कल केली. बहिणीने त्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला आणि पुण्यातल्या एका पियानो शिकवणाऱ्या बाईंनी तो पाहिला. त्यांनी फोन करून सांगितलं, एक जूनला ये, माझ्याकडे राहा, वर्षभर शिक, पुढचं पुढे बघू. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. नेमकं त्याच आठवड्यात मंडळाच्या बुवांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा बुवांचा सख्खा भाचा, वारंगा फाट्याला खता-बियाण्यांचं दुकान. बाबांनी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "सोयरीक जमली तर पुण्याचं सासरी ईचार. न्हाई जमली तर जा."

त्यावर मी काय करायचं ठरवलं असेल ते सांगायला नको.

पाहुणे आले ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर उन्हाचे, सात जण. पोहे झाले. नाव, शिक्षण, कोणती भाजी चांगली येते, सगळं विचारून झालं. मुलगा वाईट नव्हता. तो आपला मान खाली घालून फोनमध्ये कापसाचा भाव बघत होता. मग बुवा कौतुकाने म्हणाले, "पोरगी पेटी वाजवती बरं का. वाजव माय एखादा अभंग." मी याच क्षणाची वाट बघत होते. बहिणीला डोळ्याने खुणावलं, ती मुकाट्याने समोर येऊन भात्याला बसली. पाहुण्यांनी दोन हातांनी वाजणारी पेटी पहिल्यांदाच बघितली.

नेहमीचाच अभंग, लहान पोरालाही पाठ असतो असा. मी त्याचं वाटोळं केलं. शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबल्या. डावा हात भलत्याच वाटेने फिरायला सोडला. समेवर यायच्या वेळी थांबले, पाहुण्यांचे हात टाळी द्यायला वर गेले तसे अधांतरी राहिले, आणि ते खाली आल्यावर मी समेवर आले. मध्येच चाल सोडून दिली आणि मागच्या दाराने परत आले. असली सून कोण घरात घेईल, या विचाराने मला आतून गुदगुल्या होत होत्या. एक गोष्ट मात्र मी विसरले होते. आमच्या भागात गाणं आवडलं नाही तर लोक उठून जातात, पण गाणं कळलं नाही तर ते शास्त्रीय असणार म्हणून मान डोलावतात. कळलं नाही असं सांगायची लाज वाटते ना!

सातही माना डोलत होत्या. मी जितकं वाकडं वाजवत गेले तितक्या जोरात डोलत होत्या. मुलाच्या आजोबांनी तर डोळे मिटून घेतले.

"लई अवघड दिसतंय," आजोबा म्हणाले. "कोन्ता राग म्हनायचा, बुवा?"

बुवांना तो अभंग आहे हेही ओळखू आलं नव्हतं. पण चार माणसांत ते थोडंच कबूल करणार? "मिश्र हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "मिश्रात येतं हे."

"आमाला पोरगी पसंत हाय," आजोबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आई साखर आणायला आत पळाली. इतकी मेहनत करून मी स्वतःच स्वतःचं लग्न जमवलं होतं.

त्या खोलीत मी काय केलंय हे कळणारं माणूस एकच होतं, आणि ते दाराशी बसून माझ्याकडे बघत होतं. बाबा म्हणाले, "तेच पुन्हा वाजव."

मला वाटलं, माझी खोडी सगळ्यांसमोर उघडी पाडणार. अभंग सरळ वाजवला असता तर कदाचित निभावलं असतं. पण बाबांना मी चुकले असं वाटावं, हे मला सहन होईना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तेच वाजवलं. प्रत्येक वाकडी पट्टी पुन्हा तिथेच, थांबले तिथेच थांबले, आले तेव्हाच आले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, बोटांकडे बघत होते. बुवांनी "वा" म्हटलं तेव्हा त्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

वाजवून झाल्यावर बाबा उठले आणि पाहुण्यांसमोर हात जोडले.

"पाव्हने, माफी करा. ही सोयरीक न्हाई जमायची. पोरीला शिकायचं हाय."

"मंग शिकू द्या की आमच्याकडं येऊन," आजोबा म्हणाले.

"तुमच्याकडं हे शिकवनारं कोन हाय?"

बुवा लालबुंद झाले. "म्या त्यांला शब्द देला हाय!"

"शब्द तुमी देला, बुवा. पोरगी माझी हाय."

मुलाकडच्यांनी पसंती सांगितल्यावर मुलीच्या बापाने नकार द्यायचा, म्हणजे भर चौकात तोंडात मारल्यासारखंच. पाहुणे पाणीही न पिता गेले. आईने महिनाभर बाबांशी बोलणं टाकलं, असं बहिणीने मला फोनवर सांगितलं, कारण चौथ्या दिवशी मी पुण्याच्या गाडीत होते. साखर बहिणीने खाल्ली.

पुण्यातल्या बाईंनी माझा डावा हात बघितला आणि कपाळावर हात मारला. मला पियानोवर बसवलं की उजवा हात वाजवायचा आणि डावा, समोर बहीण नाही म्हणून, हवा भरायला निघायचा. तो हात ताळ्यावर आणायला आठ महिने गेले. मग एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं. तिथे लोक पनीर खात बोलायचे आणि मी जॅझच्या मधोमध आमच्या पहाटेच्या काकड आरतीच्या चाली घुसवायचे. एक साहेब म्हणाले, ही अमेरिकन धून मी कुठेतरी ऐकली आहे. मी म्हटलं, असेल. पुढे ड्रमवाला आणि बासवाला मिळाले, आमचं त्रिकूट झालं, तिकीट काढून लोक यायला लागले. पहिल्यांदा एवढे लोक नुसते ऐकायला गप्प बसलेले पाहिले तेव्हा मला रडू आलं होतं.

दिवाळीला मी घरी जायचे. पेटी दिसायची नाही. बाबा म्हणायचे, दुरुस्तीला नांदेडला दिली आहे. सलग चार दिवाळ्या ती पेटी नांदेडला होती आणि मला शंका आली नाही. स्वतःच्या वाजवण्याबद्दल मी इतकं बोलायचे की दुसऱ्याच्या वाजवण्याबद्दल विचारायला वेळच उरायचा नाही.

यंदा पहिल्यांदा गावच्या हरिनाम सप्ताहाला सुट्टी काढून गेले. सकाळच्या भजनाला मंदिरात पोचले तर पेटीवर तिसराच माणूस. बुवा मध्ये, वीणा गळ्यात, माझ्याकडे न बघता. बाबा मागच्या रांगेत खांबाला टेकून टाळ वाजवत होते. घरी येऊन आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "तू पुन्याला गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुवांनी मानसं धाडून पेटी नेली. तुझ्या बापाला तवापासून हात लावू न्हाई देला."

बावीस वर्षं वाजवत होते ते. मला इतका संताप आला, बुवांचा, बाबांचा आणि सगळ्यात जास्त माझा. बाबा टाळ पिशवीत घालून घरी आले तशी मी त्यांच्या अंगावरच धावून गेले. "बाबा, चार वर्षं झाली! काहून सांगितलं न्हाई मला?"

बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले, खाटेवर बसले.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर माझ्यापायी तू तिथं सरळच वाजवलं असतंस."