आजोबांचं पत्र आणि कॉम्प्युटरच्या बाई

तुमच्या बाबाने आजोबांना लिहिलेलं एक पत्र मी एकदा जवळजवळ नाहीसं केलं होतं. तुमच्या बाबाला ही गोष्ट अर्धीच माहीत आहे आणि आजोबांना ती शेवटपर्यंत कळली नाही. आता लिहून ठेवायला हरकत नाही. चूक माझी होती, ती सांगणारच आहे. पण ज्या बाईंनी ते पत्र परत मिळवून दिलं, त्यांच्याबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहत होतो. तुमचा बाबा शिकायला परदेशी गेला होता. शिक्षण संपवून परत यायचं ठरलं होतं, पण ते संपल्यावर त्याने कळवलं की तिथेच नोकरी घेतली आहे. आजोबा फोनवर एवढंच म्हणाले, "यायचं नसेल तर फोनही करू नकोस." माणूस रागात बोलतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण समोर त्यांचाच मुलगा होता. त्याने ते वाक्य अक्षरशः पाळलं. दोन वर्षं घरातला फोन त्याच्यासाठी वाजला नाही.

मला मात्र तो लिहीत असे. त्याच्या एका मित्राने घरी कॉम्प्युटर आणून बसवून दिला, टेलिफोनची तार त्याला जोडली, आणि दर आठवड्याला एक ई-मेल यायला लागलं. इंग्रजी लिपीत मराठी, 'Aai, kashi aahes?' असं. आजोबा त्या खोलीत फिरकत नसत. जेवताना मी सांगायची, "त्याच्याकडे बर्फ पडला म्हणे." आजोबा आमटीची वाटी पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी आहे."

कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून मी साठीला टेकल्यावर जवळच्याच एका क्लासला नाव घातलं. दुपारी बायकांची एक तुकडी असे. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आम्ही सगळ्या वयाने त्यांच्या आईसारख्या, तरी त्यांना 'बाई' म्हणायचो आणि त्या आम्हाला 'मावशी'. पहिल्या दिवशी माझ्या शेजारची कुजबुजली, "मासळीच्या घरातली मुलगी आपल्याला काय शिकवणार?" मी तिला गप्प केलं नाही. मनात मलाही तसंच काहीसं वाटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. आठवड्याभरात ते मनातून पार गेलं. बाई कधी आमच्या हातातून माउस ओढून घेत नसत. आमच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, घाबरून बटणं दाबू नका. तो काय म्हणतोय ते आधी वाचा." मी पंचवीस वर्षं एका शाळेच्या कार्यालयात काम केलं, अनेक शिक्षक पाहिले. हात पाठीशी बांधून शिकवणारे थोडे.

एका गुरुवारी आजोबा खडवलीला त्यांच्या धाकट्या भावाकडे गेले. रविवारी संध्याकाळी परतणार होते. त्याच दुपारी मी टपाल पाहायला बसले, तर यादीत एक नवी ओळ. पाठवणारा तुमचा बाबा, आणि विषयाच्या जागी 'बाबांसाठी'.

मी किती वेळ त्या ओळीकडे पाहत बसले सांगता येणार नाही. पण उघडलं नाही. आमच्या घरात दुसऱ्याचं पत्र कोणी फोडत नसे, मग ते पाकिटात असो की काचेवर. ठरवलं, रविवारी ते आले की चहा देईन, खोलीत नेईन आणि मगच सांगेन.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मनात आलं, हे पहिल्यांदा इथे येऊन बसणार, तर सगळं नीटनेटकं दिसावं. आमच्याकडे कागदी पत्रांची एक रीत होती. पत्र आलं की कोपऱ्यात मिळाल्याची तारीख घालायची. उत्तर धाडलं की 'उत्तर दिले' असं लिहून खाली तारीख. मग ते पत्र तारेच्या आकड्याला. माझ्या वडिलांची हीच रीत, कार्यालयातही हीच. कॉम्प्युटरमधल्या पत्रांवर मात्र असं काही लिहिण्याची सोय मला सापडली नव्हती, आणि वर्षभर ते मला टोचत होतं. क्लासमध्ये शिकले होते की प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे फाइलमध्ये असते. शुक्रवारी मी शोधत शोधत गेले आणि ती फाइल मला सापडली. तुमच्या बाबाची सगळी पत्रं एकाखाली एक, एका लांबलचक कागदावर असावीत तशी. मला एवढा आनंद झाला! मी ती लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, प्रत्येक पत्राच्या डोक्यावर इंग्रजी लिपीत तारीख आणि 'उत्तर दिले' असा शेरा घातला, सेव्ह केलं आणि समाधानाने उठले.

शनिवारी सकाळी टपालाचा प्रोग्रॅम उघडला. खिडकी अर्धी आली, क्षणभर थरथरली आणि मिटली. वर एक सूचना आली. तिचा अर्थ असा की या प्रोग्रॅमने बेकायदा कृती केली आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. दहा वेळा केलं असेल.

मुलाला कळवून पत्र पुन्हा मागवता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण दोन वर्षं न बोललेल्या माणसाने एकदा मन घट्ट करून लिहिलं, आणि त्याला आपण सांगायचं की हरवलं, पुन्हा लिही? तो पुन्हा लिहील याची मला खात्री नव्हती. आणि दुसऱ्या वेळी लिहिलेलं पहिल्यासारखं राहत नाही. शिवाय आलेलं टपाल आमच्या कॉम्प्युटरवर उतरलं की तिकडून पुसलं जाई. म्हणजे आमच्याकडे काय असेल तेवढंच.

मी क्लासवर फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता हात लावू नका. बंदही करू नका, चालूही करू नका. उद्या येते."

"उद्या रविवार, बाई."

"मग? कॉम्प्युटरला रविवार नसतो. आणि काकांनाही नाहीये, येतायत ना उद्या?"

रविवारी दहाला आल्या. चपला काढल्या, खुर्चीवर बसल्या, पण कॉम्प्युटरकडे पाठ करून. माझ्याकडे तोंड.

"काय काय केलंत, मावशी?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"सगळे असंच सांगतात. आमचे बाबापण. जाळं आपोआप फाटलं म्हणतात." त्या हसल्या. "मारणार नाय मी तुम्हाला. सांगा."

मग मी माझी वही आणून दिली. शुक्रवारी काय काय केलं ते क्रमवार, वेळेसकट त्यात होतं. वहीत लिहायची लाज वाटली नव्हती, तोंडाने सांगायची वाटत होती. बाईंनी ती ओळीवर बोट ठेवून वाचली. मध्ये एकदा त्यांच्या भुवया वर गेल्या. शेवटी म्हणाल्या, "अशी वही देणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नव्हतं. अर्धं काम तर इथेच झालं."

त्यानंतर जे पाहिलं ते मला अजून लख्ख आठवतं. पहिलं काम त्यांनी केलं ते दुरुस्तीचं नव्हतंच. पत्रांच्या फाइलची एक प्रत त्यांनी वेगळ्या जागी ठेवली. "ही आपली ठेव. हिला कोणी हात लावायचा नाही. खेळायचं ते नकलेशी." मग मूळ फाइल तिच्या जागेवरून उचलून बाजूला ठेवली आणि प्रोग्रॅम सुरू केला. तो सुरळीत उघडला! आत एकही पत्र नाही, पण उघडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका, ही चांगली बातमी आहे. प्रोग्रॅम शहाणा आहे. वेड आहे ते फाइलीत."

त्या पत्रांची एक अनुक्रमणिका प्रोग्रॅम स्वतःसाठी बनवून ठेवतो. माझ्या शेऱ्यांमुळे पानं सरकली होती आणि ती अनुक्रमणिका खोटी ठरली होती. बाईंनी ती काढून टाकली, म्हणजे प्रोग्रॅम नवी बनवेल. बनवली. आणि पुन्हा मिटला.

मी म्हणाले, "झालं."

"अहो कुठे झालं? एक कारण गेलं, दुसरं उरलं."

मग त्यांनी नकलेतली पत्रं दोन भागांत केली. पहिला अर्धा भाग ठेवून पाहिला. उघडला. म्हणजे दोष दुसऱ्या भागात. त्याचे पुन्हा दोन भाग. पुन्हा उघडून पाहायचं. दर वेळी त्या मला विचारत, "आता कुठल्या भागात?" आणि मी उत्तर देत असे. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की त्यांना उत्तर आधीच माहीत आहे, त्या मला शिकवताहेत. माझ्याच घरात, माझ्याच चुकीवर, मला ओशाळं न करता शिकवताहेत.

आणखी एक गोष्ट. समोर माझ्या मुलाची वर्षभराची पत्रं उघडी होती, पण बाई पत्राचा मजकूर आला की पडदा भराभर वर सरकवायच्या. फक्त वरच्या तारखा पाहायच्या. मी म्हटलं, "वाचलंत तरी चालेल, त्यात काही नाही." त्या म्हणाल्या, "मला चालणार नाही ना."

मध्ये जेवायला बसवलं. भेंडीची भाजी आणि पोळी. बाईंनी पानाकडे पाहून सुस्कारा सोडला. "घरी आईने कोलंबी केलीय मावशी. आणि मी इथे भेंडी खातेय. या पत्राने माझा रविवार बाटवला."

"अगं पुढच्या वेळी—" मी पहिल्यांदाच त्यांना अगं म्हणाले.

"पुढच्या वेळी काय? तुम्ही कोलंबी करणार?" आणि दोघी हसलो.

तीनच्या सुमाराला एकच पत्र उरलं. शेवटचं. 'बाबांसाठी'.

आत एक-दोन ओळी आणि त्याखाली पानंच्या पानं अगम्य अक्षरं, आकडे, चिन्हं. बाई सावकाश खाली जात होत्या. एकदम थांबल्या. त्या गिचमिडीच्या मधोमध इंग्रजी लिपीत माझं वाक्य होतं: अक्षर लागत नाही, विचारावे.

तो शेरा मीच घातला होता. पत्र वाचायचं नव्हतं, पण खाली सरकताना ही गिचमिडी दिसली होती. कार्यालयात न वाचता येणाऱ्या अर्जावर हेच लिहायचे मी, हात आपोआप गेला. इतर पत्रांचे शेरे वहीत नोंदवले होते, हा तेवढा राहिला होता.

बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मावशी, हे अक्षर नाहीये, हे चित्र आहे. त्यांनी काहीतरी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवलाय. हा फोटो असा अक्षरांत गुंडाळून येतो. त्याच्या पोटात तुम्ही शेरा मारलात. प्रोग्रॅम उघडला की आधी शेवटचं पत्र दाखवायला जातो, इथे येऊन ठेचकाळतो, आणि पडतो."

"आणि मी तो कचरा म्हणून काढून टाकला असता तर?"

"पण नाही टाकलात. विचारावे असं लिहिलंत. जे वाचता येत नाही ते माणूस पुसून टाकतो, तुम्ही विचारायला ठेवलंत." हे त्या खरंच मनापासून म्हणाल्या की माझं सांत्वन करायला, मला ठाऊक नाही.

त्यांनी माझं वाक्य काढलं. पुढचंमागचं जोडलं, एकेक ओळ मोजून पाहिली. फाइल जागेवर ठेवली. मग हात पाठीशी बांधून उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही उघडा."

खिडकी आली, थरथरली नाही. वर्षभराची सगळी पत्रं, आणि शेवटी ते. खालच्या भागात वरून खाली, एकेक पट्टी, एक कागद उलगडायला लागला. रेघी कागद, निळी शाई, तुमच्या बाबाचं तिरकं मराठी अक्षर. 'तीर्थरूप बाबांस' एवढंच मला दिसलं. मी तोंड फिरवलं. बाईंनी तर आधीच खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली होती.

पोस्टाने का धाडलं नाही, हे मी तुमच्या बाबाला कधी विचारलं नाही. पोस्टात टाकायला जाईपर्यंत मन बदलेल, अशी त्याला भीती वाटली असावी.

बाई निघाल्या. मी चहासाठी आग्रह केला, आजोबांना भेटून जा म्हटलं. "नको. माणूस पत्र वाचायला बसतो तेव्हा घरात गर्दी नको." दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "आणि शेरे वहीत मारा, मावशी. फाइलीत नको." त्यांच्याइतकी बुद्धीची माणसं मी पुष्कळ पाहिली. बुद्धीबरोबर एवढा आब असलेली फार नाही.

आजोबा सहाच्या सुमाराला आले. खडवलीहून कल्याणला गाडी बदलून, हातात भावाने दिलेल्या भाजीची पिशवी. मी चहा दिला आणि सांगितलं, "तुमचं पत्र आलंय." त्यांनी विचारलं, "कुठे?" मी खोलीकडे बोट दाखवलं. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली, चष्मा पुसला आणि आत गेले.

मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले. एक जुडी झाली, दुसरी झाली. बऱ्याच वेळाने ते दारात येऊन उभे राहिले. चष्मा हातात होता.

"आत्ता तिकडे किती वाजले असतील गं?" त्यांनी विचारलं.

"सकाळ असेल," मी म्हणाले. "उठला असेल तो."

ते फोनपाशी गेले. नंबर त्यांना पाठ होता.