दहा तासांची पोथी

धाकलूकाका इंजिनाचं पुस्तक ऐकायला आंघोळ करून बसत. डोक्यावर टोपी, हात जोडलेले. पुस्तक इंग्रजी होतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचो आणि ते मान हलवायचे.

गोष्ट गेल्या वर्षीची, १९४८च्या माघातली. मी नुकताच बी.ए. होऊन खालापूरच्या शाळेत लागलो होतो. घर कर्जतला, भिसेगावात. पण आठवडाभर मी पाताळगंगेच्या काठी, धाकलूकाकांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. ते नावाडी. तीस वर्षं पलीकडच्या वाडीची माणसं त्यांनी अलीकडे आणली आणि परत नेली. त्याबद्दल वाडी त्यांना वर्षाचं भात देई. वरच्या वीजघराचं पाणी सुटतं, म्हणून या नदीला उन्हाळ्यातही ओढ असते.

दिवाळीत काकांचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण वल्हं ओढायला तो कामाचा राहिला नाही. मग एके दिवशी कर्जतचे डॉक्टर तात्या गाडीतून एक लाकडी पेटी घेऊन आले. आत होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन होतं. लढाईसाठी आलेलं, एकदाही न चाललेलं. मुंबईच्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं. पलीकडे अडलेल्या बायकांसाठी काकांनी त्यांना किती वेळा पार नेलं होतं, ते तात्या विसरले नव्हते.

वाडीचे भिवाजी पाटील मात्र साशंक होते. म्हणाले, "शिवरात्रीला सगळी वाडी देवाला येनार. या डब्यानं उतरवलीस तर काम तुजं. नायतर गजाला देतो." गजा त्यांचा पुतण्या. त्याचे दोन्ही खांदे शाबूत होते.

शिवरात्रीला बारा दिवस होते.

पुस्तकात लिहिलं होतं : पहिले दहा तास इंजिन हळू चालवावं, भार थोडा ठेवावा, पूर्ण वेग देऊ नये. काकांना ते लगेच पटलं.

"नव्या बैलाला आदी नुसतं फिरवत्यात. तसंच हाय हे."

एका ठिकाणी मी भराभर पुढे गेलो.

"मास्तर, दोन पानं येकदम पलटलीत."

"त्यात नुसते आकडे आहेत, काका."

"पोथीतलं सोडू नये."

"ही पोथी नाही हो!"

मी तसाच पुढे वाचत गेलो. मला तेव्हा आकड्यांचा कंटाळा होता.

रोज संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही तासभर इंजिन चालवायचो. माझ्या घड्याळात तास भरला की काका होडीच्या फळीवर कोळशाची एक रेघ ओढत. होडी इतकी हळू जाई की गजा वल्ही मारत शेजारून पुढे निघून जाई.

"धाकलूकाका, ढकलू का रं मागनं?"

"ढकल. पन तुजी बुडू देऊ नको," काका म्हणत. वेगाची मूठ मात्र तसूभरही जास्त फिरवत नसत.

पाच रेघा झाल्या. सहाव्या दिवशी पाटील स्वतः होडीत बसले. नदीच्या मध्यावर काकांनी एकदम नाक वर करून हुंगलं. मला काहीच कळलं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. होडी ओढीबरोबर खाली सरकू लागली. डाव्या हाताने बांबू रोवून त्यांनी ती कशीबशी अडवली.

"जळका वास हाय. मास्तर, पोथी काढा."

मी ती दोन पानं उघडली. आकड्यांच्या खाली एक ओळ होती. पहिले दहा तास पेट्रोलमध्ये नेहमीच्या दुप्पट तेल मिसळावं.

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय राहिलं ते त्यांनी ओळखलं.

"काय झालं रं?" पाटलांनी विचारलं.

"माजीच चूक. मास्तरांनी वाचलं व्हतं. मी इसरलो."

"मग आसल्या इसराळू मानसाच्या हाती पोरंबाळं कशी देऊ? गजालाच सांगतो."

तीस वर्षांचं काम एका वाक्यात सुटत होतं, आणि ते वाक्य माझ्यासाठी बोललं गेलं होतं. काका शांतपणे बांबू धरून उभे होते.

"पाटील," मी म्हणालो, "काका विसरले नाहीत. ते पान मी वाचलंच नाही. त्यांनी सांगूनही वाचलं नाही."

पाटील माझ्याकडे वळले.

"बी.ए. हाय ना तुमी?"

"हो."

"मग वाचा की!" असं म्हणून ते हसले. "शिवरात्र आजून हाय. धाकलू, तवर बघू."

बांबूने होडी काठाला लावली, पाटील उतरून गेले. इंजिन निवेपर्यंत आम्ही काठावर बसलो. मग काकांनी वरचं चाक हाताने फिरवलं, कान लावून. चाक न अडखळता फिरलं. त्यांनी डोळे मिटले.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तुमी पोरान्ला शिकवता. मास्तरच वाचत नाय आसं कळलं, तर पोरांनी का वाचावं?"

त्यांनी फळीवरच्या पाचही रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. तेल दुप्पट घातलं. पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. मी रजा टाकली. आता सकाळीही इंजिन चालवायचो. दहावी रेघ शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ओढली.

शिवरात्रीला उजाडल्यापासून वाडी उतरत होती. शेवटच्या खेपेला पाटील चढले. काकांनी पहिल्यांदाच मूठ पूर्ण फिरवली. होडीचं नाक उचललं गेलं. बायका किंचाळल्या, मग हसल्या. गजा काठावर वल्हं टेकून बघत होता.

"काम तुजंच," उतरताना पाटील एवढंच म्हणाले.

यंदाच्या शिवरात्रीलाही काका आंघोळ करून टोपी घालून बसले. मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. आकड्यांसकट.